वाळूतला खड्डा

गरोदरपणाच्या बाविसाव्या आठवड्यात आम्ही दोघं चार दिवस समुद्रावर जाऊन आलो आणि तिथे काहीही केलं नाही. परत आल्यापासून भेटेल तो विचारतोय, "मग, काय काय केलंत?" आणि माझ्याकडे दाखवायला एक धड फोटोसुद्धा नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना दोन ओळींत हवंय त्यांनी इथेच थांबा: लोळलो.

आधी जायच्या अगोदरचं ऐका. बातमी कळल्यापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "आत्ताच काय ते फिरून घ्या, नंतर काही खरं नाही." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, मान्य. पण दिवसातून तीनदा ऐकलं की वाटायला लागतं, मूल होणार नसून शिक्षा सुनावली गेलीय आणि आपण सध्या जामिनावर बाहेर आहोत. त्या धसक्याने नवऱ्याने यादी केली. पहाटे उठून सूर्योदय, बोटीची फेरी, दीपगृह, दोघांचा मसाज, पोटावर हात ठेवून काढायचे ते फोटो (पांढरा झगा मी न्यायचा होता) आणि शेवटच्या रात्री वाळूत टेबल मांडून जेवण. यातलं निम्मं त्याने स्वतः शोधलेलं, निम्मं हॉटेलच्या 'बेबीमून पॅकेज'मधलं, म्हणजे बाळ व्हायच्या आधी दोघांनी करायच्या सहलीचं.

'बेबीमून' या शब्दाची एक गंमत आहे. तो रुजवण्याचं श्रेय ज्यांना देतात त्या ब्रिटिश लेखिका शीला किट्झिंगर यांनी तो बाळ जन्मल्यानंतरच्या दिवसांसाठी वापरला होता. म्हणजे बाळ झाल्यावर आईबापांनी दार लावून घ्यायचं, पाहुण्यांना थोडं लांब ठेवायचं आणि तिघांनी एकमेकांची ओळख करून घ्यायची. पुढे पर्यटनवाल्यांनी तो उचलून बाळंतपणाच्या अलीकडे आणून ठेवला. साहजिकच आहे. दार लावून घरात बसलेल्यांना खोली कशी विकणार?

जावं की न जावं यावर मात्र डॉक्टरांशी नीट बोललो. साधारण १४ ते २७ आठवडे हा प्रवासाला बरा काळ. उलट्या बहुतेकींच्या थांबलेल्या असतात, पोट अजून अंगावर आलेलं नसतं. आमचं व्यंगतपासणीचं स्कॅन, जे १८ ते २२ आठवड्यांत करतात, ते उरकलं होतं. रक्तस्राव होत असेल, वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल, बीपी चढत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर नाही म्हणाले की नाहीच. विमानाने जाणाऱ्यांसाठी सांगते, एकच बाळ असेल तर बऱ्याच कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, पण २८ नंतर डॉक्टरांचं पत्र मागू शकतात. तिकिटाआधी नियम वाचा. आम्ही गाडीने गेलो. पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून, मांड्यांच्या वर, आणि तिरका भाग छातीच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून कधीच नाही. दर दोन तासांनी उतरून चालायचं, कारण गरोदरपणात रक्त लवकर गोठतं. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे, पण तासन्‌तास पाय लोंबकळत बसलं की तीच पायातल्या शिरांत गाठ धरू शकते. प्रत्येक थांब्यावर नवरा घड्याळ बघून मला दहा मिनिटं फिरवायचा. कुत्र्याला फिरवतात तसं, असं मी म्हणाले आणि तो दुखावला.

पहिली संध्याकाळ प्रवासाच्या शिणातच गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर झाला, मी तो बंद केला आणि सूर्य आमच्याशिवाय उगवला. यादीतलं पहिलं कलम गळालं. बोट मीच रद्द केली. लाटांवर आपटणाऱ्या बोटीत बसायची ही वेळ नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. हॉटेलच्या गरम पाण्याच्या टबावरही काट. अंगाचं तापमान ३९ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. दहा वाजेपर्यंत यादीला चांगलीच गळती लागली होती आणि नवऱ्याचा चेहरा उतरला होता.

मग आम्ही किनाऱ्यावर गेलो. छत्रीखाली आरामखुर्च्या होत्या. मी त्यातल्या एकीवर चांगली ऐसपैस उताणी पडले, टोपी तोंडावर घेतली आणि पाचेक मिनिटांत गरगरायला लागलं. कानात शिट्टी, तळहातांना घाम. नवरा पाणी आणायला धावला तोवर मी डाव्या कुशीवर वळले आणि मिनिटभरात सगळं जागेवर आलं. विसावा आठवडा उलटला की उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतं, खालून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, म्हणून हे होतं. मी हे आधी वाचलेलं होतं बरं का. पण समुद्र दिसला की वाचलेलं काय कामाला येतं!

तर उताणं बंद. पालथं तर कधीच बंद झालेलं. मी जन्मभर पालथी झोपणारी बाई आहे. उशीला मिठी, एक पाय वर, ती माझी झोप. गेले दोन महिने डावी कूस, उजवी कूस, मध्ये उशी, पाठीला उशी, असा सगळा कारभार. खुर्चीवर कुशीला टेकून मी हेच कुरकुरत होते. नवरा काही न बोलता उठला, ओल्या वाळूपाशी जाऊन गुडघ्यावर बसला आणि हातांनी उकरायला लागला. मला वाटलं, यादी गेल्याच्या दुःखात किल्ला बांधतोय. त्याने परातीएवढा खड्डा केला. कडा थापून गोल केल्या, तळाला पुन्हा थोडी भुसभुशीत वाळू घातली. मग वरून जाडसा टॉवेल अंथरला, दाबून त्याला खोलगट केलं आणि म्हणाला, "झोप. पालथी."

मी हळूच गुडघे टेकले, मग कोपरं, मग पोट त्या खड्ड्यात सोडलं. कशालाही न दाबता ते आत जाऊन बसलं, वाळूचा गारवा टॉवेलमधून पोटाला लागला आणि मी गाल हातावर टेकवला. दोन महिन्यांनी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हार्मोन्स म्हणा हवं तर. पाठीचे मणके एकेक करून सुटे होत गेलेले मला कळत होते. कानाखाली लाटांचा आवाज यायचा तो वाळूतून, धप्प असा. जाड, खालच्या पट्टीतले आवाज पोटाच्या आतही बऱ्यापैकी पोचतात म्हणे, आणि या सुमाराला बाळाचे कान कामाला लागत असतात. त्याला काय ऐकू आलं देव जाणे. पण आत एक कोलांटी झाली, मासोळी वळावी तशी. नवऱ्याने लगेच हात घातला तर आतलं गप्प. चार दिवसांत त्याला बाहेरून एकदाही काही लागलं नाही.

तिथून पुढे आमचा दिनक्रम ठरला. खड्डा, मग पाणी, मग सावली. पाण्यात पार कमरेपर्यंत मी फक्त समुद्र अगदी निवांत असेल तेव्हाच गेले, तेही जीवरक्षकाच्या टप्प्यात आणि नवऱ्याचा दंड धरून, लाटेकडे पाठ न करता. पोट पुढे आलं की शरीराचा तोल बदललेला असतो, एरवी हसण्यावारी नेऊ अशी लाटही पाडते. पण कमरेएवढ्या पाण्यात शरीराचं जवळजवळ निम्मं वजन पाणी पेलतं. हे शाळेत शिकलेलं, कळलं आता. घोट्यांची सूजही उतरली. चेहऱ्यावर मात्र वांग उठलेच, टोपी आणि क्रीम असूनही. या दिवसांत त्वचा उन्हाला फार लवकर रंग धरते. आईला फोनवर दाखवले तर ती म्हणाली, "सावलीत बस म्हटलं होतं ना गं मी?" म्हटलं होतं.

तिसऱ्या रात्री, तीनच्या सुमाराला, मी नेहमीप्रमाणे बाथरूमला उठले तर नवरा बाल्कनीत. मला वाटलं समुद्र बघतोय. त्याच्या फोनवर नकाशा उघडा होता, हॉटेलपासून जवळच्या प्रसूतिगृहापर्यंतचा रस्ता. म्हणाला, रात्री किती वेळ लागेल ते बघत होतो.

"रोज बघतोस?"

"हो."

मी शेजारी बसले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "स्कॅनच्या दिवशी डॉक्टर मध्येच दोन मिनिटं गप्प झाल्या होत्या, आठवतं?"

आठवत होतं. त्या मापं घेत होत्या, बाकी काही नव्हतं, नंतर त्यांनी तसं सांगितलंही. पण ती दोन मिनिटं त्याच्या मानेवर बसली होती ती उतरलीच नव्हती. तीन आठवडे तो मला फळं कापून देत होता, यादी करत होता, घड्याळ बघून फिरवत होता आणि हे पोटात घेऊन हिंडत होता. माझ्याकडेही माझी दोन मिनिटं होती, वेगळी, ती मी सांगितली. इथे लिहीत नाही. घरी हे बोलणं का झालं नाही? घरी वेळ नव्हता असं नाही. पण घरी भांडी असतात, फोन असतो, उद्याचा डबा असतो, न बोलायला हजार सबबी सापडतात. तिथे तीन दिवस निव्वळ रिकामे गेल्यावर लपायला जागाच उरली नव्हती. बोट, दीपगृह आणि फोटो यांनी ते दिवस भरले असते तर आम्ही छान थकून झोपलो असतो आणि ते तसंच घरी परत आणलं असतं.

म्हणून माझा राग त्या 'शेवटची संधी'वर आहे. समुद्र काही कुठे जात नाही. मूल झाल्यावर कदाचित दोन वर्षं जमणार नाही, पाच नाही जमणार, नंतर जाऊ, कडेवर घेऊन जाऊ. पण कोणीतरी शेवटचं म्हटलं की माणूस अधाशीपणा करतो, आणि अधाशी माणसाला आराम करता येत नाही. बापाला तर मुळीच नाही, कारण तिला सुखात ठेवायचं कंत्राट सगळ्यांनी त्याच्याकडे दिलेलं असतं आणि तू कसा आहेस हे विचारायला कोणी येत नाही. मीही विचारलं नव्हतं. आणि समुद्रच हवा असंही नाही, पैसे आणि रजा सगळ्यांकडे नसते, गच्चीसुद्धा चालेल. पण गच्चीवर वाळू नसते, आणि तो खड्डा मला हवाच होता, हेही खरं.

भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे आम्हाला खड्ड्यामुळे पाठ झालं. दुपारी पाणी चढायचं, खड्डा बुजायचा, दुसऱ्या सकाळी वाळू कोरी. शेवटच्या दिवशी नवरा पुन्हा उकरायला बसला तेव्हा पाचेक वर्षांचा एक पोरगा बादली घेऊन शेजारी उभा राहिला.

"काय शोधताय?"

"काही नाही. हिचं पोट ठेवायला करतोय."

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, पुन्हा पोटाकडे. "एवढ्यात मावणार नाही," म्हणाला, आणि बादली बाजूला टाकून समोरून उकरायला बसला.