दोन इंच जाड

डायनिंग टेबल घरीच करायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मग आतापर्यंत काय उपाशी होतास का?"

दोष माझ्या गुडघ्यांचा. पाटावर बसता येतं, उठताना मात्र भिंत, दाराची चौकट आणि बायकोचा खांदा असं एकेक ठाणं घेत वर यावं लागतं. लातुरातल्या दुकानातली टेबलं पाहून झाली होती. भुसा दाबून वर सागवानाचं चित्र चिकटवलेलं. हात टेकला की सगळं डुलायचं. मला न हलणारं टेबल हवं होतं, आणि लाकूड तर घरचंच होतं.

औसा तालुक्यातल्या आमच्या घराचं माळवद, म्हणजे तुळयांवरचं मातीचं छत, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात पडलं नाही. पण शेजारच्या गावांत काय झालं ते पाहिल्यावर डोक्यावर एवढी माती घेऊन झोपायची कुणाची छाती होईना. आजोबांनी माळवद उतरवलं, वर पत्रे टाकले आणि सागवानी तुळया गोठ्यात रचल्या. तेव्हापासून त्यांच्यावर कडबा. लाकूड नीट वाळलेलं पाहिजे म्हणतात. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं वाळण्याची काळजी करू नये.

वखारवाला मात्र तुळईला हात लावेना. "सर, जुन्या लाकडात खिळे असतेत. पातं तुटलं तर पातं तुमच्या नावावर." मग जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढून दोन रविवार मी तुळया चाचपल्या, डॉक्टर पोट चाचपतो तशा. एक्केचाळीस खिळे निघाले. त्यातला एक चौकोनी, लोहारानं घडवलेला, टोकाशी जरा वाकलेला. आईनं तो लगेच ओळखला. "कंदिलाचा. तुझ्या आजोबाला डोक्याला लागायचा रोज." तो तिनं पदराच्या टोकाला बांधून ठेवला. बाकीचे चाळीस भंगारात गेले.

आराखडा मी फळ्यावरच्या भूमितीसारखा आखला. उंची 30 इंच, खुर्चीची बैठक 18, माणशी 24 इंच रुंदी म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. लांबी 6 फूट, रुंदी 3. वरच्या फळ्या इंचभर जाड असल्या तरी भागतं. मी दोन इंच ठेवल्या. त्याचंच 3 घनफूट झालं, आणि सागाचं घनफूट अठरा-एकोणीस किलोला जातं. म्हणजे टेबलाचा नुसता वरचा भाग खताच्या पोत्याहून जड. हे गणित मी उचलताना केलं, आधी करायला हवं होतं.

खालचा सांगाडा चार शनिवारांत उभा राहिला. गल्लीतले सुतारमामा पान चघळत आले, भोवती एक फेरी मारली.

"कोनाकोनी मापलं का?"

"गुण्या लावलाय की."

मामांनी सुतळी घेतली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, मग दुसऱ्या दोन्हींत. पाऊण इंचाचा फरक. आयताचे कर्ण समान असतात हे मी एकवीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलंय. मामा काही बोलले नाहीत, पण बघत होते.

वरच्या फळ्या आवळून ठोकायला निघालो तेव्हाही तेच आडवे आले. "सर, तसं करू नका. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतंय, उन्हाळ्यात आखडतंय. स्क्रूचं भोक लांबट ठेवा. सोयऱ्यासारखं हाय ते, हलायला जागा नाही दिली की तडकतंय." सोयऱ्यांचा मला अनुभव असल्यानं मी लगेच ऐकलं.

पाडव्याला टेबल मांडलं. सगळे खुर्च्यांवर बसले. आई ताट घेऊन खाली बसली आणि टेबलाच्या पायाला पाठ लावून म्हणाली, "टेकायला चांगलंय."

खरी परीक्षा पुढं होती. दर उन्हाळ्यात आमच्याकडं शेवयाची मशीन लोखंडी कॉटला आवळतात आणि कॉट उचलू नये म्हणून तिच्यावर मला बसवतात. यंदा गल्लीतल्या बायका परातीसकट सरळ टेबलाकडं आल्या. "सरांचं टेबल हलत नाही म्हणे!" माझी छाती फुगली. मशीन कडेला लावली. तिचा जबडा उघडतो दीड इंच. टेबल दोन इंच.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"अर्धा इंचच तर आहे," बायको म्हणाली. पटाशी तिच्या हातातच होती.

मी टेबलाखाली उताणा झोपलो आणि खालच्या अंगानं चार इंच रुंद, अर्धा इंच खोल खाच मारली. कपची डोळ्यात, भुसा तोंडात, वरून गव्हाच्या चिकाच्या गप्पा. मशीन बसली. तिघींनी आळीपाळीनं दांडा फिरवला, टेबल हूं की चूं नाही.

संध्याकाळी टेबलभर परड्या, आणि सहाही खुर्च्यांवर काठ्या टाकून शेवया वाळत घातलेल्या. आम्ही खाली बसून जेवलो. उठताना मी टेबलाचा पाय धरला. हलला नाही.