वर्ण बदामी, पंख १४ मिलिमीटर

पहिली चूक म्हणजे मी ती बातमी घरी संक्रांतीच्या आठवड्यात सांगितली. "नवीन पतंग सापडलाय," म्हटलं, तर शेजारचा पोट्टा गच्चीवरून ओरडला, "काका, ढील देऊन काटलेला का?" आणि आईनं विचारलं, केवढ्याला पडला. नागपुरात जानेवारीत पतंग म्हटल्यावर सहा पायांचा प्राणी कोणाच्या डोळ्यासमोर येणार, त्यामुळे मग मॉथ म्हणायला लागलो, तर आई म्हणे "मोठा म्हणजे किती मोठा?"

मोठा नाहीच. पुढचा पंख १४ मिलिमीटर. आदल्या जुलैत आमच्याच गच्चीवर आला होता. मी कॉलेजात झूलॉजी शिकवतो आणि पावसाळ्यात रात्री गच्चीवर पांढरी चादर टांगून १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब लावून बसतो. सेमिनरी हिल्सची झाडी जवळ असल्यामुळे एकेक रात्री इतकी पाखरं येतात की चादर कुठली अन् पाखरं कुठली कळत नाही. समोरच्या काकांनी तीन रात्री पाहिलं, चौथ्या दिवशी फाटकाशी गाठून विचारलंच, "काय जी सर, घरी लग्न हाये का? रातभर लाइट लावून बसून राहता."

तर शोधायला लागलं एक मिनिट. नवी जात म्हणून छापण्यासाठी तो दिसतो कसा हे लिहायला आता दीड वर्ष होत आलंय.

कारण तो तपकिरी आहे. बस. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या नऊ हजार मला तरी तपकिरीच वाटतात. हॅम्पसन नावाच्या इंग्रज साहेबानं १८९२ ते १८९६ मध्ये हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार जाडजूड खंड लिहून ठेवलेत, आजही सुरुवात तिथूनच करावी लागते, आणि त्या माणसाकडे तपकिरीसाठी इतके शब्द आहेत की वाचताना लाज वाटते. फस्कस म्हणजे काळपट, फेरुजिनस म्हणजे गंजका, ऑक्रियस म्हणजे पिवळ्या मातीसारखा. मी लिहिलं होतं "ब्राऊन". खाली "डार्क ब्राऊन". मग "कडेला थोडा लाइट ब्राऊन". ते वाचून माझं मलाच वाटलं की हा बुटाच्या पॉलिशचा कॅटलॉग झालाय.

शेवटी एका रात्री बायको चहा घेऊन आली आणि सहज मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाली, "अहो, हे तपकिरी कुठंय? अंग बदामी आहे, मधला पट्टा कॉफी, आणि काठ बघा ना, काठ चक्क मेहंदी आहे." मी पुन्हा बघितलं. होता की मेहंदी! दीड वर्ष मी काय बघत होतो? तीस वर्षं बर्डीच्या दुकानांत साड्या उलगडून घेणाऱ्या बाईचा डोळा आणि माझा डोळा, तुलनाच नाही. मी वही घेतली, ती सांगत गेली, मी हॅम्पसनच्या भाषेत उतरवत गेलो. मागच्या पंखाला चिंतामणीची छटा आहे म्हणाली तिथे मात्र अडलो, कारण चिंतामणीला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते साहेबालाही माहीत नसणार.

पण खरी पंचाईत रंगाची नाहीच. रंग उडतो, पंखांवरचे खवले झडतात, दोन जाती पंखांवरून अगदी जुळ्या दिसू शकतात. जात ओळखायच्या बारकोडिंगसाठी डीएनएचा ६५८ अक्षरांचा एक तुकडा वाचतात, तोही मी वाचून घेतला, पण भरवशाचा फरक सापडतो तो नराच्या जननेंद्रियात. कुलूप-किल्ली समजा, जातीगणिक घडण वेगळी. त्यासाठी पोटाचं टोक काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायचं, मऊ भाग विरघळतो, टणक भाग उरतो, तो भिंगाखाली ब्रशनं साफ करून रंगवून स्लाइडवर ठेवायचा. शिंकायचं नाही. मी एकदा शिंकलो, आणि तीन नरांपैकी एकाचं पौरुष अजूनही लॅबच्या फरशीवर कुठेतरी आहे.

आता हे सगळं जेवणाच्या पाटावर कसं सांगायचं? काटोलहून मामा आले होते, त्यांची संत्र्याची बाग आहे. त्यांचा पहिला प्रश्न, "हा संत्र्यावर बसते का?" त्यांचंही बरोबरच आहे, संत्र्याला भोक पाडून रस पिणारा पतंग, ज्याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, तो त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलाय, संध्याकाळी बागेत धूर करकरून आयुष्य गेलंय. कापसावरची गुलाबी बोंडअळीसुद्धा शेवटी पतंगाचंच लेकरू. मी म्हटलं नाही मामा, हा निरुपद्रवी दिसतोय, फक्त नवीन आहे. तर म्हणाले, "नवीन कीड शोधून राहिला का बाप्पा? जुन्या का कमी हायेत?" आणि मग, "बरं, याच्यात अन् बाकीच्यांत फरक काय?"

"पोटाच्या टोकाला."

"टोकाला म्हणजे?"

सगळे थांबले. भाचीनं घास हातात धरून ठेवला. आई म्हणाली, "मामांना वरण वाढ गं."

नावाचा घोळ वेगळाच. माणसाच्या नावावरून ठेवता येतं. २०१७ मध्ये डोक्यावरचे पिवळट पांढरे खवले बघून एका पतंगाला डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव दिलं गेलं, ते ऐकल्यापासून आमच्या कॉलेजात दोन-तीन जण माझ्याशी फार गोड बोलतात. बायकोला विचारलं, तुझं नाव देऊ? तर म्हणे, "बदामी म्हटलं म्हणून लगेच किडा नको करू माझा." मग म्हटलं नागपूरचं देऊ, नागपुरेन्सिस, झकास. त्यावर एका मित्रानं शांतपणे विचारलं, "अन् उद्या पुण्यात सापडला तर?" दोन रात्री झोप नाही. नियम असा आहे की एकदा रीतसर छापलं की प्राणी दुसरीकडे सापडला म्हणून नाव बदलत नाही, म्हणजे पुण्यात बागडला तरी नागपूरकरच राहणार, हे आठवल्यावर कुठे झोप लागली. आता ठरलंय, पण छापून येईपर्यंत सांगणार नाही.

छापून येणं मात्र लांबलंय. पेपर तपासणाऱ्यानं परत पाठवला. रंगाच्या वर्णनाचं कौतुक केलंय (घरी वाचून दाखवलं, नुसती "हं" आली), पण खाली एक ओळ, मादीचं वर्णन जोडता आलं तर बरं. माझ्याकडे सगळे नर. त्यामुळे पुन्हा चादर, पुन्हा बल्ब, पुन्हा समोरचे काका.

आईनं हे फोनवर महालातल्या आत्याला सांगितलं, अर्थात स्वतःच्या पद्धतीनं, की दोन पावसाळे झाले, मुलगी मिळत नाहीये. आत्यानं आजवर एकवीस लग्नं जुळवलीत. तिचा लगेच मला फोन.

"काहून रे, मला नाही सांगायचं? रंग कसा आहे?"

"बदामी."

"छान. वय?"

"आत्या, तो जगतोच फार तर आठ-पंधरा दिवस."

ती जरा थांबली. "मग पत्रिका नको बघायला," म्हणाली, "उंची सांग."