पाण्यात दगडाचं वजन शून्य होत नाही

गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, हॉलभर पाणी झालंय." माशांच्या तीन फुटी टँकची तळाची काच एका कोपऱ्यापासून तिरकी तडकली होती आणि जवळजवळ 180 लिटर पाणी फरशीवर आलं होतं. फ्लॉवरहॉर्न मासा बादलीत घेतला म्हणून वाचला. खालच्यांच्या छतातून सकाळपर्यंत पाणी टपकत होतं. टँकमध्ये एकच मोठा काळा दगड होता आणि तो ठेवण्याची पद्धत भाच्याने व्हॉट्सॲपवर आलेल्या एका मेसेजवरून घेतली होती.

तो मेसेज अजून फिरतोय, या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा: पाण्यात दगडाचं वजन जवळजवळ शून्य होतं, त्यामुळे कितीही मोठा दगड टाका, काच फुटत नाही. आधी दोन इंच वाळू पसरा, वर दगड ठेवा, वाळू गादीचं काम करते. दगड नदीतून आणा आणि अर्धा तास उकळा. व्हिनेगर टाकून फेस आला नाही तर दगड शंभर टक्के सुरक्षित. हलत असेल तर सिलिकॉन लावा.

"पाण्यात वजन शून्य होतं"

हे घरच्या घरी तपासता येतं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा घ्या, दगडाला सुतळी बांधा, आधी हवेत मोजा आणि मग पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून मोजा. भाच्याचा तोच दगड मी असा मोजला. बाहेर 9 किलो 400 ग्रॅम, पाण्यात 6 किलो 200 ग्रॅम. दगड जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढंच वजन कमी होतं आणि आपला सह्याद्रीचा काळा कातळ पाण्याच्या पावणेतीन ते तीनपट जड असतो. म्हणजे साधारण एक तृतीयांश वजन जातं, दोन तृतीयांश राहतं.

खरी गोम मात्र एकूण वजनात नाही, ते कुठे टेकतं यात आहे. टँकमध्ये चाळीस सेंटिमीटर पाणी असेल तर तळाच्या काचेवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 40 ग्रॅम भार येतो, सगळीकडे सारखा. ओबडधोबड दगड मात्र सहसा तीन टोकांवर उभा राहतो. प्रत्येक टोक अर्धा सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद धरा. 6 किलो 200 ग्रॅम तिघांत वाटले तर एकेका टोकावर दोन किलोच्या वर आणि चौरस सेंटिमीटरला आठ किलोच्या वर. पाण्याच्या दोनशेपट भार, आणि तोही हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेवर. काच पसरलेला भार मुकाट्याने सोसते, टोचणारा सोसत नाही.

शिवाय टँक कायम भरलेला नसतो. पाणी बदलताना पातळी खाली येते, दगडाचा वरचा भाग उघडा पडतो आणि तेवढं वजन परत येतं. टँक पूर्ण रिकामा केला की 9 किलो 400 ग्रॅम पुरेपूर.

"वाळू गादीचं काम करते"

वाळू जागेवर राहिली तर भार पसरवते, हे मान्य. म्हणूनच टँक सजवणारे जपानी कलाकार ताकाशी अमानो यांनी जगभर पोचवलेल्या इवागुमी या दगडांच्या मांडणीत दगड मातीच्या थरात रोवलेले दिसतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. मेसेजसोबत फिरणारे फोटो त्याच धाटणीचे आहेत. पण त्या टँकमध्ये असतात बोटाच्या पेराएवढे टेट्रा मासे. ते तळ उकरत नाहीत. आपल्याकडे मोठे दगड घालण्याची हौस असते ती फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर आणि आफ्रिकन सिक्लिड पाळणाऱ्यांना, आणि हे मासे जन्मजात खणकरी. तोंडात वाळू भरायची, चार इंचांवर थुंकायची, परत यायचं. दिवसभर हेच. भाच्याचा फ्लॉवरहॉर्न आठवड्याभर दगडाच्या एकाच अंगाखालून वाळू काढत होता. खड्डा बाहेरून दिसतही होता, पण घरातल्यांना वाटलं, खेळतोय. त्या रात्री दगड त्या अंगाला कलंडला आणि त्याचं टोक काचेवर बसलं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानातही फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक वाळूत क्वार्ट्झ असतं आणि क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. जड दगडाखाली अडकलेला कण काचेवर ओरखडा काढतो आणि तडा बहुतेकदा अशा ओरखड्यापासूनच सुरू होतो. दगड "जरासा सरकवला" की खाली हेच चाललेलं असतं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी दगड, मग वाळू. रिकाम्या, कोरड्या टँकच्या तळाला दगडाच्या बुडापेक्षा मोठा पाच-सहा एमएमचा ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा. ट्यूबलाइटच्या पॅनेलला लावतात ती चौकोनी घरांची प्लास्टिक जाळीही चालते, तिच्या घरांत वाळू धरून राहते. थर्माकोल टँकच्या खाली हवाच, आत नको. तो तरंगायला बघतो आणि मासे त्याचे दाणे खातात. दगडाची सर्वांत सपाट, रुंद बाजू खाली घ्या. रचून ठेवणार असाल तर वरचा दगड निदान तीन ठिकाणी पक्का टेकला पाहिजे. मग प्रत्येक दगड चारही बाजूंनी तळव्याने ढकलून बघा. डुगडुगला तर उचला आणि पुन्हा लावा. वाळू त्यानंतर, सभोवताली. चारही काचांपासून हाताचा पंजा सहज फिरेल एवढी जागा सोडा, नाहीतर मागे मासा अडकतो आणि घाण साठते. काचेचा हीटर दगडाच्या पडण्याच्या वाटेत नको. तो फुटला तर पाण्यात करंट उतरू शकतो, म्हणून हात घालण्याआधी प्लग काढाच.

"अर्धा तास उकळा"

हे कृपया करू नका. दगडाच्या भेगांत आणि छिद्रांत पाणी असतं. त्याची वाफ कोंडली तर दगड फुटून गरम कपच्या तोंडावर उडू शकतात. कुकरमध्ये तर अजिबात नको. ताठ ब्रशने घासा, बादलीत ठेवून वरून गरम पाणी ओता आणि आठवडाभर उन्हात वाळवा. तेवढं पुरतं. तेलकट डाग असलेला, धातूसारखा चमकणारा किंवा गंजाच्या रेषा असलेला दगड घरी आणूच नका.

आणि नदीतून आणताना एवढं लक्षात ठेवा की ओढ्यातल्या दगडाखाली कुणाचं तरी घर असतं. लहान मासे, खेकडे, बेडकांची पिल्लं तिथेच दडतात. बांधकामाच्या खडीच्या ढिगात किंवा खाणीवर तोच काळा दगड मिळतो.

"फेस नाही म्हणजे शंभर टक्के सुरक्षित"

व्हिनेगर सौम्य असतं. चुनखडीवर बुडबुडे येतात, पण डोलोमाइट या तिच्याच जातकुळीतल्या दगडावर जवळजवळ येत नाहीत. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे खडे दिसतात, त्यांतले काही झिओलाइट खनिजाचे असतात, काही कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचे. थेंब काळ्या भागावर पडला तर कॅल्साइट कळणारच नाही, म्हणून पांढऱ्यावरच टाका. धातूंबद्दल तर व्हिनेगर काहीच सांगत नाही. उलट फेस आला म्हणून दगड विषारीही ठरत नाही. तो पाणी जड आणि अल्कधर्मी करतो. टेट्रा, डिस्कस माशांसाठी ते वाईट, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडना मानवतं. दगड दोन आठवडे बादलीत बुडवून ठेवा आणि आधी-नंतरचा पीएच आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा) टेस्ट किटने बघा. हीच खरी चाचणी.

"सिलिकॉन लावा"

सिलिकॉन स्वच्छ काचेला घट्ट धरतं, धुळकट किंवा ओल्या दगडाला नाही. त्याच्याशिवाय जी रचना उभी राहत नाही, ती त्याच्या भरवशावर ठेवू नका. लावायचंच तर बुरशीनाशक नसलेलं घ्या, दगड खडखडीत वाळू द्या आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.

भाच्याने नवा टँक घेतला, दगड तोच ठेवला. परवा गेलो तेव्हा फ्लॉवरहॉर्नने पुन्हा त्याच अंगाची वाळू उपसून ॲक्रिलिक उघडं पाडलं होतं. दगड जागचा हललेला नव्हता.