डाव्या खांद्याची रायफल

माझी लेक डावरी आहे. चार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर गेली, समोर ठेवलेली एअर रायफल उचलली आणि सरळ डाव्या खांद्याला लावली. कुणी शिकवलं नव्हतं. तिथल्या सरांनी मायेनंच ती काढून उजव्या खांद्यावर दिली आणि म्हणाले, "होते गं सवय, बाळा. क्लबात सगळ्या रायफली उजव्याच आहेत."

आठ महिने तिनं सवय करून बघितली. घरी आली की मान चोळत बसायची. शेवटी एका सीनियर ताईनं तिला दोन्ही हातांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा डोळा उघडा ठेवला की घड्याळ त्रिकोणाबाहेर! म्हणजे मास्टर डोळा, नेम धरताना ज्याचं मेंदू आधी ऐकतो तो, डावा. आठ महिने पोरगी दुय्यम डोळ्यानं नेम धरत होती.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दहा मीटरवर जे टार्गेट असतं, त्यातला दहाचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटरचा. पेलेट, म्हणजे छर्रा, 4.5 मिलिमीटरचा. मॅचला 75 मिनिटांत 60 शॉट, आणि गुण दशांशात मोजतात. इथं हाताच्या ताकदीचा प्रश्नच नसतो. प्रत्येक शॉटला शरीर त्याच जागी परत यायला हवं. ते आणून बसवतो तो स्टॉक, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत दस्ता. गाल चीकपीसवर, म्हणजे स्टॉकच्या गाल टेकवायच्या भागावर, टेकला की डोळा आपोआप नेम धरायच्या मागच्या साइटच्या भोकामागे यायला हवा, मान न वाकवता. उजव्यांसाठी घडवलेल्या लाकडी स्टॉकचा गालाकडचा भाग डाव्या बाजूला असतो. डाव्या खांद्यावर घेतला की गालाला चुकीची बाजू लागते, डोळा साइटच्या रेषेत आणायला डोकं कलतं करावं लागतं. डोकं कललं की तोल बिघडतो. ग्रिपवरचा, म्हणजे मुठीवरचा, फुगवटा उजव्या तळव्याचा, तो डाव्या हाताला नुसता टोचतो, आणि ट्रिगरवर बोट तिरकं पडतं. एवढं सगळं सोसून पोरं 9.8 मारतात आणि आपण म्हणतो, "लक्ष नाही हिचं."

मला लोक हमखास कारोली ताकाच यांचं उदाहरण देतात. हंगेरीचे नेमबाज, 1938 मध्ये ग्रेनेड फुटून उजवा हात गेला, मग डाव्या हातानं शिकून 1948 च्या लंडन आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. त्यांनी हात बदलला, मग तुमच्या मुलीला का जमू नये? त्या माणसापुढे मी हात जोडतो. पण त्यांच्यासमोर दुसरा मार्गच नव्हता. शिवाय ते पिस्तूल होतं. पिस्तूल एका हातात राहतं. रायफल गाल, खांदा, कंबर, पाऊल सगळ्यांना धरून असते. ज्या मुलीचा डावा हात आणि डावा डोळा धडधाकट आहे, तिला उजवीकडे कशासाठी वळवायचं?

मग शोध सुरू झाला. फाइनवर्कबाऊ, वॉल्थर, अँशुट्झ, स्टायर या सगळ्या कंपन्या डावखुऱ्यांसाठी रायफली बनवतात. अडचण आपल्याकडे मिळण्याची. विक्रेत्याकडे तयार माल उजवा. डावी हवी तर ऑर्डर द्या आणि थांबा. मी तीन शहरांत फोन केले. एकानं उजवीच घ्या म्हणून अर्धा तास समजावलं. त्या फोनचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी एका निवृत्त नेमबाजाकडे दोन्ही बाजूंना चालेल असा लाकडी स्टॉक मिळाला. गालाचं काम भागलं, ग्रिप मात्र तळव्यात भरेना. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी लेकीच्या हाताचं माप घेऊन शिसवीची ग्रिप कोरून दिली, तीनदा घासून. मूळ ग्रिपला त्यांनी हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू देऊ नका; पुढं रायफल विकायची वेळ येते. जॅकेटला अडचण आली नाही. ते मापानंच शिवतात, फक्त आधी सांगावं लागतं की हिचं कोपर उजव्या कंबरेवर टेकणार.

नव्यानं घेणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा स्टॉक बघावा. त्यात चीकपीस आणि खांद्याला टेकणारी बटप्लेट सरकवता येतात, डावी ग्रिप वेगळी घेऊन बसवता येते. एअर रायफलला पेलेट भरण्यासाठी ओढायचा बोल्ट किंवा लिव्हर कुठल्या बाजूला आहे यावर फार अडत नाही, कारण प्रत्येक शॉटनंतर रायफल स्टँडवर टेकवूनच पेलेट भरायचं असतं. पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाच्या रायफलीत, मात्र सांभाळा. प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारताना, पुढचा हात स्लिंगच्या पट्ट्यात जखडलेला असतो, बोल्ट ट्रिगरच्या हातानंच ओढावा लागतो. तिथं डावी ॲक्शनच, म्हणजे बोल्ट डाव्या बाजूला असलेलीच रायफल हवी, नाहीतर 60 शॉट रायफलीवरून हात पलीकडे टाकत बसाल आणि दर वेळी पोझिशन मोडेल.

आपल्या मातीत तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमधून थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या रायफल प्रकाराचं, कांस्य आणलं. रेंजवर पोरांना घेऊन येणारे आईबाप मी दर रविवारी बघतो. क्लब चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढची रायफल घ्याल ती दोन्ही बाजूंना लागणारी घ्या, आणि सोबत एक डावी ग्रिप. उजव्या मुलांचं त्यात काहीच जात नाही. आणि नवीन मूल आलं की खांदा ठरवण्याआधी डोळा तपासा, अर्धा मिनिट लागतो.

सध्या आमच्या रेंजवर तेरा वर्षांचा एक मुलगा आलाय. लिहितो उजव्या हातानं, मास्टर डोळा डावा. वडील रिक्षा चालवतात, नवी रायफल त्यांना झेपणारी नाही. कुणाच्या घरी डावा किंवा दोन्हीकडे चालणारा स्टॉक पडून असेल, नुसती डावी ग्रिप असली तरी, मला मेसेज करा. कुठल्याही गावात असा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.