धावल्याने रक्त आटतं म्हणे!

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की रनिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. सार असं: लांब धावल्याने तळपायाखाली रक्तपेशी चिरडतात, हिमोग्लोबिन उतरतं, उरलेलं रक्त घट्ट होतं आणि हृदयाला इजा होते. उपाय म्हणून रोज लोहाची गोळी, बीटाचा रस आणि दर किलोमीटरला पाणी. मेसेज सपशेल खोटा असता तर सोपं होतं. त्यात खऱ्याचे तुकडे आहेत, म्हणून तो चांगले शिकलेले लोकही पुढे ढकलतात.

‘हिमोग्लोबिन उतरतं, म्हणजे रक्त कमी होतं.’

आकडा उतरतो, हे खरं. पण सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या रिपोर्टवरचा आकडा एका डेसिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगतो. अंगात एकूण रक्त किती, हे त्याला माहीतच नसतं. माणूस नेमाने धावू लागला की काही दिवसांतच शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन वाढतं आणि त्याबरोबर प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, १० ते २० टक्क्यांपर्यंत वाढतो. लाल पेशीही वाढू शकतात, पण मागाहून, काही आठवड्यांनी, आणि प्लाझ्माच्या मानाने कमी.

आता हिशेब करू. समजा, एखाद्याच्या अंगात ५ लिटर रक्त आहे आणि हिमोग्लोबिन १५. म्हणजे एकूण ७५० ग्रॅम. काही महिन्यांच्या सरावानंतर रक्त झालं ५.६ लिटर आणि हिमोग्लोबिन ७८० ग्रॅम. रिपोर्टवर येईल १३.९. घरात लगेच हळहळ, ‘बघ, धावून धावून रक्त आटवलंस!’ प्रत्यक्षात ३० ग्रॅम वाढलंय. वरणात पाणी घातलं म्हणून डाळ कमी होत नाही, आणि इथे तर डाळही थोडी जास्त पडली आहे. शिवाय हे पातळ होणं फायद्याचं आहे. दर ठोक्याला हृदय जास्त भरतं, घाम गाळूनही रक्ताचा साठा टिकतो, अंगातली उष्णता कातडीपर्यंत वाहून नेता येते. आपल्याकडच्या दमट हवेत हे काही थोडं नव्हे.

मात्र या कारणाच्या आड सगळंच लपवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात पुरुषाचं १३ च्या खाली आणि बाईचं १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. तिथे ‘मी रनर आहे ना’ म्हणून रिपोर्ट खणात टाकायचा नाही.

‘तळपायाखाली पेशी चिरडतात.’

काही पेशी फुटतात. १८८१ साली फ्लायशर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी लांब कूच केल्यावर लालसर लघवी झालेल्या एका सैनिकाची नोंद केली होती. त्या लक्षणाला मार्च हिमोग्लोबिनुरिया म्हणतात. पण पोहणाऱ्या आणि वल्हं मारणाऱ्या खेळाडूंच्याही लाल पेशी फुटताना आढळल्या आहेत, आणि त्यांचे पाय कुठल्या डांबरी रस्त्यावर आपटत नाहीत. म्हणजे दोष एकट्या तळपायाचा नाही. तसंही लाल पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं. रोज जवळपास १ टक्का पेशी निवृत्त होतात आणि अस्थिमज्जा सेकंदाला सुमारे २० लाख नव्या बनवते. फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन पकडतं आणि त्यातलं लोह पुन्हा वापरात येतं. हॅप्टोग्लोबिन संपलं तरच लघवीचा रंग बदलतो. (आदल्या दिवशी बीटाचा रस प्यायला असाल तर तोही रंग दाखवतो, घाबरण्याआधी आठवून पाहा.) रंग कोलासारखा गडद असेल किंवा दोन-तीन दिवसांत निवळला नाही, तर सरळ डॉक्टर गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचीही ती खूण असू शकते.

‘म्हणून सगळ्यांनी लोहाची गोळी घ्यावी.’

मला सगळ्यात खटकतो तो हा सल्ला. लोह कमी असलेले धावणारे आहेतच, विशेषतः बाया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. त्यात पाळी, घाम आणि लांब धावताना आतड्यातून झिरपणारं थोडं रक्त यांची भर. शिवाय कष्टाच्या व्यायामानंतर तीन ते सहा तासांत हेपसिडिन हे संप्रेरक वाढतं आणि अन्नातलं लोह शोषणं मंदावतं. तेव्हा गरज खरी आहे, पण ती फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा, तपासून ठरते. थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष असलेल्याचंही हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि त्याच्याकडे लोह पुरेसं असू शकतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची स्वतंत्र सोय शरीरात नाही, ते साठत जातं. ज्यांना गोळी खरंच लागते त्यांनी ती चहाबरोबर घेऊ नये, एवढं साधं वाक्य त्या लांबलचक मेसेजमध्ये मावलं नाही!

बीटात लोह जेमतेमच. त्याचा रंग रक्ताचा नव्हे, बीटाचाच. त्यातल्या नायट्रेटचा दमसासासाठी काही उपयोग होतो, ती वेगळी गोष्ट.

‘रक्त घट्ट होतं, दर किलोमीटरला पाणी प्या.’

हा सल्ला जीव घेऊ शकतो, कारण गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्याच शर्यतीत २८ वर्षांची एक धावपटू याच कारणाने दगावली. संथ गतीने चार-पाच तास धावणारे आणि दर स्टॉलवर ग्लास रिकामा करणारे जास्त धोक्यात असतात. शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं भरलं, तर पाणी जास्त झालं. तहान लागेल तेव्हा प्यावं.

‘रिपोर्टमध्ये हृदयाची इजा दिसते.’

मॅरेथॉननंतर रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन), सीके (स्नायूंतलं एन्झाइम) आणि पांढऱ्या पेशी वाढतात, बहुतेकांच्या. ट्रोपोनिन साधारण एक ते तीन दिवसांत खाली येतं, सीकेला जास्त वेळ लागतो. अमेरिकेतल्या लांब शर्यतींत २००० ते २०१० या काळात सुमारे १ कोटी ९ लाख धावकांमागे ५९ जणांचं हृदय बंद पडलं, आणि कारण सापडलं त्यांतल्या बहुतेकांना हृदयाचा आजार आधीपासून होता. तेव्हा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सवलतीतलं फुल बॉडी चेकअप करू नका, आठवडाभराने करा. छातीत दुखत असेल किंवा धावताना भोवळ आली असेल, तर मात्र आठवडा कसला, त्याच तासाला जा.