‘आर्गन मारा, नव्यासारखं होतं’: हे रायफलला लागू नाही

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दहा मीटरच्या हवाई रायफलचा ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग तुटला तरी नवा मागवू नका, आर्गन वेल्डिंग (आर्गन वायूच्या आवरणाखाली केलेलं वेल्डिंग) करून घ्या, जोड मूळ धातूपेक्षा मजबूत होतो. आर्गनवाला नसेल तर ऑनलाइन मिळणारी जोडकामाची कांडी गॅसवर वितळवून लावा. छर्रा उडवणारी हवा ज्यात भरतात त्या एअर सिलिंडरवरची मुदत हा कंपनीचा धंदा आहे. आणि हवाई रायफलला जे चालतं ते पॉइंट टू-टूलाही, म्हणजे काडतूस झाडणाऱ्या .22 रायफललाही चालतं.

यामागचा वैताग मला कळतो. सुटे भाग बहुतेक जर्मनीहून येतात, कस्टम भरावी लागते आणि तोवर स्पर्धा निघून जाते. पण वैताग खरा म्हणून सल्ला खरा ठरत नाही.

‘जोड मूळ धातूपेक्षा मजबूत’ हे लोखंडी गेटबाबत बऱ्याचदा खरं असतं. ॲल्युमिनियमचं गणित वेगळं. 6061 हा नेहमीचा मिश्रधातू घ्या. तो 530 अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात, मग 160 ते 175 अंशांना काही तास ठेवतात. या अवस्थेला टी-6 म्हणतात आणि बरीचशी ताकद त्यातून येते. टी-6 मध्ये तो साधारण 310 मेगापास्कल ताण सोसतो. वेल्डिंगनंतर जोडाच्या दोन्ही बाजूंचा इंचभर पट्टा मऊ पडतो आणि अभियंते तिथे 165 च्या आसपासच ताकद धरतात. म्हणजे जवळजवळ निम्मी. आपण वेल्डचा सुबक सांधा बघून खूश होतो आणि भाग तुटतो त्याच्या शेजारी. जास्त ताण येणाऱ्या जागी वापरतात तो 7075 तर आर्गनला दादच देत नाही. थंड होतानाच त्याला तडे जातात. हातातला भाग यातल्या कुठल्या धातूचा, हे त्यावर लिहिलेलं नसतं आणि वेल्डरही नुसतं बघून सांगू शकत नाही. पुन्हा भट्टीत घालून टी-6 करता येतं म्हणावं, तर भाग वाकडा होतो. डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट) बसवायची पट्टी वाकडी झाली की उरलं काय?

कांडीचं दोन ओळीत आटोपतो. ती जस्ताची असते, चारशे अंशांच्या आतबाहेर वितळते. तेवढी उष्णता टी-6 घालवायला भरपूर आहे, आणि ॲल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं हे डोळ्याला कळतच नाही.

आता सिलिंडर. या मजकुरातलं सर्वांत घातक वाक्य याच्याबद्दल आहे. सिलिंडरमध्ये हवा 200 बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाला भरलेली असते. नळीतून सुटणाऱ्या 4.5 मिलिमीटरच्या छर्ऱ्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेची हजारो ज्यूल. आणि नेम धरताना तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो! पोलादी सिलिंडरवरचा ताण एका मर्यादेखाली राहिला तर तो व्यवहारात कितीही वेळा भरता-रिकामा करता येतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला अशी मर्यादा नाही. प्रत्येक भरण्याचा हिशेब कुठेतरी जमा होत राहतो. मुदत असते ती यासाठी, पुष्कळदा दहा वर्षं, आणि मुदतीतला सिलिंडर वापरणं ही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाची जबाबदारी आहे.

‘मुदत हा धंदा’ म्हणणाऱ्यांनी स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांच्या हवेच्या टाक्यांचा इतिहास पाहावा. 6351 या मिश्रधातूच्या टाक्यांना मानेजवळच्या आट्यांत आतून चिरा जायच्या, नुसत्या सततच्या दाबाने. बाहेरून टाकी चकचकीत. लक्सफर या कंपनीने 1988 मध्ये हा धातू सोडून 6061 धरला. सिलिंडरला वेल्डिंग तर नाहीच, पावडर कोटिंगही नको: ते 180-200 अंशांना भाजतात, आणि अमेरिकी नियमांत 177 अंशांवर तापलेला ॲल्युमिनियम सिलिंडर बादच धरतात. रंग उडाला असेल तर उडू द्या.

मग दुरुस्ती करायचीच नाही का? करायची की. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापुरात उद्यमनगर ही वर्कशॉपची वसाहतही आहे, आणि तिथल्या कारागिराच्या हाताला काम द्यायला जागा भरपूर आहेत. बटप्लेटचा (खांद्याला टेकणाऱ्या भागाचा) दांडा, गालपट्टीचा आधार, हँडस्टॉपचा (पुढचा हात अडवणाऱ्या भागाचा) ठोकळा: हे तुटले तर फार तर एक फेरी वाया जाईल. यांना वेल्ड करण्यापेक्षा मोजमाप देऊन अख्खा ठोकळा मिलिंग करून घ्यावा. स्वस्त पडतो आणि सरळही येतो. फक्त स्पर्धेच्या मापात बसतो का ते बघून घ्या. स्क्रूचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी टाका. ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा स्टीलची ती गुंडाळी जास्त टिकते, त्यामुळे ‘दुरुस्ती नव्यापेक्षा मजबूत’ हे वाक्य इथे मात्र खरं ठरतं.

नळी आणि सिलिंडर जिथे बसतात त्या मुख्य भागावर रेघ दिसली तर घाबरण्याआधी तपासा. कधी रेघ फक्त ॲनोडायझिंगच्या, म्हणजे वरच्या संरक्षक थरात असते. डाय पेनिट्रंटचा लाल रंग लावून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला की खरी चीर लाल रेघ होऊन वर येते. चीर धातूत गेली असेल तर भाग बदलायचा. तिथे घासाघीस नको.

राहिलं पॉइंट टू-टू. वीस ज्यूलखालच्या 4.5 मिलिमीटरच्या हवाई रायफलला परवाना लागत नाही, म्हणून तिचा ठोकळा कुठल्याही वर्कशॉपमध्ये जातो. पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्र आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्तीसुद्धा त्या कामाचा परवाना असलेल्यानेच करायची असते. ओळखीच्या आर्गनवाल्याकडे ती नेली तर तुमच्याबरोबर तोही अडचणीत येईल.

आणि बाद सिलिंडर तसाच भंगारात टाकू नका. उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे हवा पूर्ण सोडा, मग आरपार भोक पाडून घ्या. नाहीतर कुणीतरी तो पुसून, नवा स्टिकर लावून जुन्या मालात विकतो.