जाळी चोक झाली की टाकीत पेट्रोल ओता म्हणे!

रात्री पावणेअकराला धाकट्या भावाने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "दादा, यातलं दोन नंबरचं करून झालं, तीन नंबरचं सकाळी करू का?" मेसेज होता 'डिझेल पिकअपच्या टाकीतली जाळी पाच मिनिटांत साफ, टाकी न उतरवता'. तीन नंबरला काय आहे ते वाचलं आणि उठून बसलो. हाच मेसेज या आठवड्यात मला तिसऱ्यांदा आला. पहिल्या दोन वेळी हसून सोडून दिला होता. आता तो घरातच शिरला, तेव्हा बसून उत्तर लिहिणं भाग आहे.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजमधले सहा मुद्दे असे. (जाळी म्हणजे टाकीच्या तळाशी, जिथून डिझेल ओढलं जातं त्या तोंडावरची गाळणी.) एक, गाडी चढावर दम तोडते म्हणजे टाकीतली जाळीच चोक, दुसरं काही बघू नका. दोन, फिल्टरकडे येणारी नळी काढा आणि तिच्यातून कंप्रेसरची हवा उलटी टाकीत मारा. तीन, टाकी रिझर्व्हला आली की दोन लिटर पेट्रोल ओता, जाळी आतल्या आत धुऊन निघते. चार, पुन्हा कटकट नको असेल तर जाळी कापूनच टाका, मेन फिल्टर आहेच की. पाच, डिझेलच्या लाइनमध्ये एअर धरली, म्हणजे हवा अडकली, तर नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या) नळ्या सैल करून सेल्फ मारा. सहा, टाकी नेहमी फुल ठेवा.

पहिला मुद्दा निम्मा खरा आहे, तेवढं देऊन टाकतो. रिकामी गाडी बरी चालते, लोड घेतला की चढावर मरते, दहा मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, हे टाकीतल्या जाळीचं ओळखीचं लक्षण आहे. ओढ थांबली की जाळीला चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो, म्हणून गाडी पुन्हा चालते. पण "दुसरं काही बघू नका" हे कशाच्या जोरावर? मेन फिल्टर भरला तरी पिकअपचा पिकअप जातो. जुन्या रबरी नळीला बारीक चीर असेल तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते, आणि बाहेरून सगळं कोरडंठाक दिसतं. टाकीच्या झाकणाचं किंवा व्हेंटचं (टाकीत हवा येण्याचं) भोक बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. गाडी मरायला लागली की झाकण उघडून बघा. जोरात सुस्कारा आला आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष जाळीचा नाही, व्हेंटचा आहे. दुसरी तपासणी याहून पक्की. स्वच्छ डिझेल भरलेल्या वेगळ्या कॅनमधून पारदर्शक नळीने इंजिन चालवून बघायचं. मात्र टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत कॅनलाही तसाच पंप लागतो. कॅनवर गाडी ठणठणीत चालली तर दुखणं टाकीकडचं. तरीही मरत असेल तर टाकीला हात लावायची गरजच नाही.

दोन नंबर, म्हणजे भावाने केलेला पराक्रम. तो म्हणतो, "पण दादा, गाडी चालली ना दोन दिवस!" चालणारच. हवेने गाळ जाळीवरून उडाला आणि त्याच टाकीत पडला. टाकीबाहेर एक कणही आला नाही. हलत्या टाकीत तो घुसळला जातो आणि ओढीबरोबर पुन्हा जाळीवर येऊन बसतो. या दोन दिवसांच्या सुखावरच हा मेसेज जगतोय, कारण माणूस दुसऱ्याच दिवशी 'काम झालं' म्हणून अंगठा दाखवतो आणि चौथ्या दिवशी बंद पडल्याचं कोणाला कळवत नाही.

शिवाय टाकीत विजेचा पंप असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये पंपाच्या तोंडाला उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह असतो. तिथे तुमची हवा जाळीपर्यंत पोचतच नाही. ती व्हॉल्व्हला आणि नळीच्या जोडांना ठोकरते, बस. वर्कशॉपमधला कंप्रेसर सात-आठ बार दाबाची हवा देतो. डिझेलची टाकी हा काही दाब सोसायला बनवलेला सिलिंडर नाही. झाकण लावून एवढा दाब आत सोडला तर प्लास्टिकची टाकी फुगते, पत्र्याची जोडावर उघडते. जुन्या, टाकीत पंप नसलेल्या, निव्वळ ओढीवर चालणाऱ्या गाडीत, आडरस्त्याला अडकल्यावर, झाकण उघडं ठेवून हातपंपाने हळूच हवा मारली तर घरी पोचता येतं, हे मला मान्य आहे. पण घरी पोचण्यापुरतंच.

आता तीन नंबर. हे ज्याने कोणी लिहिलंय त्याला टाकीत काय असतं ते ठाऊक नाही आणि पंपात काय असतं तेही.

जाळीवरचा काळा, बुळबुळीत गाळ म्हणजे वाळलेलं डिझेल नव्हे की पेट्रोलने विरघळेल. टाकीत पाणी साचतं. ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. यातली एक बुरशी, हॉर्मोकोनिस रेझिनी, इंधनावर जगण्यासाठी इतकी प्रसिद्ध आहे की तिला रॉकेलची बुरशीच म्हणतात. तिचा शेवाळासारखा थर, सोबत गंज, धूळ, रंगाचे पोपडे. यातलं पेट्रोलमध्ये काय विरघळणार? गंज? जंतुनाशक औषध टाकलंत तर बुरशी मरेल, पण मेलेली बुरशीही जाळीवरच येऊन बसते. ती हाताने बाहेर काढावीच लागते.

जाळी धुतली जात नाही, एवढ्यावर भागलं असतं तर मी झोपलो असतो. पण कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या आजच्या इंजिनांच्या, बहुतेक हाय प्रेशर पंपांना वेगळं ऑइल नसतं, त्यांचं वंगण म्हणजे डिझेलच. म्हणून युरोपच्या ईएन ५९० या मानकात डिझेलच्या वंगणगुणाची अट घातलेली आहे. तिची चाचणी समजून घेण्यासारखी आहे. पोलादी चकतीवर पोलादाची बारीक गोळी ठेवतात, दोन्ही ६० अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये बुडवतात आणि गोळी ७५ मिनिटं पुढेमागे घासतात. मग गोळीवर पडलेल्या घासट्याचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तो ४६० मायक्रॉनच्या वर गेला तर ते डिझेल नापास. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान ओरखड्यावर इंधन नापास होतं, आणि इथे सांगतायत की रिझर्व्हला आलेल्या टाकीत दोन लिटर पेट्रोल ओता. रिझर्व्हला दहा लिटर उरलं धरलं तरी मिश्रणाचा सहावा भाग पेट्रोल! पेट्रोलला ते वंगणच नाही. पंप घासला की धातूचा चुरा रेलमध्ये जातो, तिथून इंजेक्टरमध्ये, आणि रिटर्न लाइनने परत टाकीत. जाळी साफ करायला निघालेल्या माणसाला पंप, रेल, इंजेक्टर आणि टाकी असं सगळंच बघावं लागतं.

आणि आग? त्याच मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ सुटायचं तापमान, ५५ अंशांच्या वर हवा असं आहे. पेट्रोलचा उणे ४० अंशांच्या आसपास असतो. निव्वळ डिझेलच्या टाकीतली वाफ साध्या हवेत पेटायला फार विरळ असते. निव्वळ पेट्रोलच्या टाकीतली उलट इतकी दाट असते की तिला जळायला हवाच पुरत नाही. दोन्हींच्या मिश्रणावरची वाफ मात्र नेमकी मधल्या, पेटणाऱ्या पट्ट्यात येऊ शकते. अशी टाकी घेऊन हा मेसेज तुम्हाला पुढे कापाकापी करायला पाठवतो.

"पण जुने ड्रायव्हर थंडीत घालायचे की!" घालायचे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बुजतो, त्यासाठी यांत्रिक पंपाच्या काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये थोडं रॉकेल किंवा पेट्रोल मिसळायची परवानगी होती. ते मेण होतं, ऊब आली की आपोआप विरघळणारं. गाळ नव्हता. आणि ते पंपही आजच्यासारखे नव्हते.

चौथा मुद्दा, जाळी कापणं. टाकीतल्या जाळीची भोकं साधारण शंभर मायक्रॉनच्या घरातली, मेन फिल्टरची दोन ते दहा. दोघांची कामं वेगळी आहेत. जाळी मोठा कचरा अडवून टाकीतला पंप वाचवते, फिल्टर बारीक कण अडवून इंजेक्टर वाचवतो. जाळी गेली की पोपडे थेट पंपात आणि शेवाळ थेट फिल्टरवर. मग दर आठवड्याला फिल्टर बदलत बसा.

पाचवा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. जुन्या डिझेलला नोझलची नळी सैल करून एअर काढणं ही रीतच होती, मीही केलंय. कॉमन रेलमध्ये दाब १६०० ते २००० बार आणि वरही जातो. टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, एवढी तुलना पुरे. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून डिझेल आत घुसवते. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फारसं नाही, म्हणून माणूस बोट चोखून कामाला लागतो. आत मात्र डिझेल पसरत असतं, आणि त्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं. असं काही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. एअर काढायची ती कमी दाबाच्या बाजूने, फिल्टरवरच्या हातपंपाने, किंवा विजेचा पंप असेल तर चार-पाच वेळा चावी ऑन-ऑफ करून.

सहावा बरोबर आहे. टाकी भरलेली असली की आत ओली हवा कमी राहते, पाणी कमी साचतं. एक खरी गोष्ट घुसडली की बाकीच्या पाच खपतात, हेही त्या लेखकाला कळलेलं दिसतंय.

रविवारी आम्ही दोघांनी टाकी उघडली. डिझेल संपवत आणलं होतं, बॅटरीची निगेटिव्ह काढली, हौद्याचे बोल्ट सोडून हौदा एका बाजूने उचलून टेकू दिला. झाकणाच्या रिंगला पाना लावण्याआधी भोवतालची माती ब्रशने आणि फडक्याने काढली. ही पायरी सगळे विसरतात आणि मूठभर माती स्वतःच्या हाताने टाकीत पाडतात. आतलं युनिट, म्हणजे जाळी आणि गेजचा फ्लोट एकत्र असलेला संच, तिरपं करून काढलं, कारण फ्लोटची तार चटकन वाकते आणि मग गेज आयुष्यभर खोटं बोलतं. तळाचं डिझेल काचेच्या बरणीत घेऊन तासभर ठेवलं. खाली दोन बोटं पाणी, त्यावर काळी साय. जाळीला या सायीसोबत चंदेरी कागदाची एक गोल चकती चिकटली होती. डब्याच्या तोंडावरचं सील. गेल्या वर्षी भावाने कसलंसं ॲडिटिव्ह ओतलं होतं, अर्थात तेही कुठल्यातरी मेसेजमध्ये वाचूनच.

टाकी धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली, थोडं स्वच्छ डिझेल फिरवून दोनदा ओतून दिलं. आमच्या गाडीत जाळी सुटी मिळते म्हणून नवी बसवली. काही गाड्यांत ती युनिटसकटच घ्यावी लागते. झाकणाखालची जुनी रबरी ओ-रिंग डिझेलने फुगून खाचेत बसेना, तीही नवी. मेन फिल्टर लगेच बदलला, आणि पुन्हा एकदा बदलायचा आहे, कारण लाइनमध्ये राहिलेला गाळ आता त्याच्यात येणार. पाच मिनिटं नाही, अख्खी दुपार गेली.

हात धुताना भावाने विचारलं, "दादा, ते दोन लिटर पेट्रोल आणून ठेवलंय, त्याचं काय करू?"

"मोटरसायकलमध्ये ओत."